पडलेले फादर आणि कादंबरीतलं पापनिवेदन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी गणपती बसतो, पण आजीपासूनची सवय म्हणून बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला (दर बुधवारच्या खास प्रार्थनेला) मेणबत्ती लावायला जाते. मध्यंतरी ग्रॅहम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ वाचली, लगेच शुसाकु एन्दोची ‘सायलेन्स’. दोन्हीकडे फादर पडलेला. एक दारू पितो, त्याला मुलगी पण आहे, दुसरा ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. हे लेखक स्वतः कॅथलिक ना, मग आपल्याच धर्मगुरूंना असं का दाखवतात? आणि वाचून माझी श्रद्धा कमी व्हायला हवी होती ती वाढल्यासारखी का वाटतेय?
(वाचक, दादर)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याच्या उत्तरातच पहिल्याचं पण उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत एक मोठा वाद झाला. रोमन सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, तेव्हा काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ सैनिकांच्या हवाली केले. छळ संपल्यावर प्रश्न आला की अशा घाबरून पडलेल्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का? डोनॅटस नावाच्या बिशपच्या बाजूचे लोक म्हणाले अजिबात नाही, देणारा शुद्ध नसेल तर दिलेलं पण शुद्ध नाही. पुढे संत ऑगस्टीनने याच्या विरोधात बाजू मांडली, संस्कार ख्रिस्ताचा आहे, फादर फक्त हात आहे, हात मळका असला तरी संस्कार बाटत नाही. चर्चने हेच धरलं आणि आजही वांद्र्यापासून वसईपर्यंत कुठल्याही फादरसमोर गुडघे टेकणारा माणूस याच विश्वासाने टेकतो, समोरचा फादर संत आहे का हे तो विचारत बसत नाही.

आता ग्रीनकडे या. हा माणूस १९२६ साली कॅथलिक झाला, १९३८ मध्ये मेक्सिकोला गेला, तिथे ताबास्को प्रांतात चर्चवर बंदी येऊन गेलेली, फादर लोकांना पळून जावं लागलेलं नाहीतर लग्न करायला लावलेलं. त्यातून १९४० ची ही कादंबरी. यातल्या फादरला नाव पण नाहीये. त्याची अडचण बघा, मुलगी झाली ते पाप आहे हे त्याला कळतं, पण मुलीवर इतकी माया आहे की त्या पापाचा पश्चात्तापच होत नाही, आणि पश्चात्ताप नाही म्हणजे क्षमा नाही. म्हणजे दुसऱ्यांची पापं सोडवणारा माणूस स्वतः अडकलेला. शेवटी तो सीमा ओलांडून सुटलेला असतो तरी परत फिरतो, का तर एक मरणारा गुन्हेगार पापनिवेदनासाठी (फादरला आपली पापं सांगून देवाची क्षमा मागण्यासाठी) बोलावतोय असा निरोप येतो. हा सापळा आहे हे त्याला माहीत असतं. तरी जातो, कारण त्या माणसाला क्षमा देऊ शकेल असा दुसरा कोणी त्या भागात उरलेला नाही. आणि त्याच्या स्वतःच्या मरणाआधी, लग्न करून जीव वाचवलेल्या एका म्हाताऱ्या फादरला बोलावतात तर तो घाबरून येतच नाही. दुसऱ्याला जे द्यायला हा मरणाच्या दारात गेला ते याला शेवटी मिळत नाही, हे वाचताना मला दर वेळी त्रास होतो.

‘सायलेन्स’ १९६६ ची. सतराव्या शतकातला जपान, पोर्तुगालहून आलेला तरुण जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) फादर रोद्रिगेस आपल्या गुरूला, फेरेराला, शोधत येतो (फेरेरा हा इतिहासातला खरा माणूस, १६३३ मध्ये छळाखाली त्याने धर्म सोडला). सगळेजण पाय ठेवण्याच्या प्रसंगावरच बोलतात, खड्ड्यात उलटे टांगलेले गावकरी कण्हतायत आणि तो पाय ठेवला की ते सुटणार आहेत. पण मला विचाराल तर त्याच्यानंतरचं पान जास्त मोठं आहे. किचिजिरो नावाचा भित्रा माणूस आहे ना, जो पुन्हा पुन्हा दगा देतो आणि पुन्हा पुन्हा माफी मागायला येतो, तो फादरने धर्म सोडल्यावर पण येतो आणि म्हणतो माझं पापनिवेदन ऐका. आणि रोद्रिगेस ऐकतो. चर्चच्या लेखी तो संपलेला, स्वतःच्या मनातून पण उतरलेला, तरी हात तोच आहे.

तिसरं पण सांगते, तुम्हाला वाचायला आवडेल, जॉर्ज बेर्नानोसची १९३६ ची फ्रेंच कादंबरी, एका खेड्यातल्या तरुण फादरची डायरी. पोटाच्या कॅन्सरने तो एका मित्राच्या खोलीवर मरतो, आणि हा मित्र म्हणजे फादरपण सोडून दिलेला माणूस. दुसरा फादर वेळेत पोचत नाही, तेव्हा मरणारा या मित्राकडेच क्षमा मागतो. मित्र कचरतो. पण चर्चचा कायदा असा आहे की माणूस मरणाच्या दारात असेल तर फादरपण सोडलेल्याने दिलेली क्षमा पण खरी धरतात.

तीन देश, तीन भाषा, आणि तिन्हीकडे मुक्काम तोच, तुटलेला माणूस दुसऱ्याला ते देतोय जे स्वतःकडे उरलंय याची त्याला खात्री नाही. तुमची श्रद्धा वाढल्यासारखी वाटली ती यामुळे असं मला मनापासून वाटतं. फादर चांगला दाखवला असता तर तुम्ही त्या माणसाला नमस्कार केला असता. तो पडलेला आहे म्हणून तुमची नजर त्याच्या हातून जे जातंय त्याच्यावर गेली.

चर्चला हे लगेच पटलं असं नाही. १९५३ साली रोमहून ग्रीनच्या पुस्तकावर नापसंती आली, बदल करा असं पण सांगितलं गेलं. त्याने केले नाहीत. पुढे १९६५ मध्ये पोप सहावे पॉल त्याला भेटले, त्यांनी ते पुस्तक वाचलेलं होतं, आणि असल्या आक्षेपांकडे लक्ष देऊ नका असं त्यांनीच सांगितलं.

प्रश्न : हे सगळं समजायला आधी बायबल वाचावं लागेल का?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही लागणार. पापनिवेदन काय असतं आणि मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) भाकर ख्रिस्ताचं शरीर होते असं कॅथलिक मानतात, एवढं डोक्यात ठेवलं तरी गाडी चालते. वाचावंसं वाटलंच तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घ्या, मराठी खूप सुंदर आहे.

प्रश्न : मी कादंबरी लिहितेय. हिरॉइन वांद्र्याच्या गावठाणातली ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातली) मुलगी, भाऊ अचानक गेल्यावर चर्चला जायचं सोडते, शेवटच्या चॅप्टरमध्ये माउंट मेरीच्या जत्रेत तिला परत विश्वास मिळतो. मैत्रिणी म्हणतात शेवट प्रवचनासारखा झालाय. काय करू?
(वाचक, वांद्रे)

उत्तर : मैत्रिणींचं ऐका. ही अडचण मराठी कादंबरीला जन्मापासून आहे, १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ बघा, बाबा पदमनजी स्वतः नव्याने ख्रिस्ती झालेले (कॅथलिक नव्हे, प्रोटेस्टंट), विधवांचे हाल त्यांनी इतके तळमळीने लिहिलेत की आजही पोटात तुटतं, पण धर्माची चर्चा सुरू झाली की पात्रं लेखकाच्या वतीने बोलायला लागतात. म्हणजे लेखकाला उत्तर आधीच माहीत आहे आणि हिरॉइन फक्त तिथपर्यंत चालत जातेय.

तुमच्या मुलीला देवाशी भांडू द्या ना. जनाबाई विठ्ठलाला तोंडावर शिव्या घालते आणि तरी ती त्याचीच राहते, हे आपल्या वाचकाच्या अंगात मुरलेलं आहे, त्यामुळे गावठाणातली मुलगी क्रूसासमोर उभी राहून भांडली तर ते परकं वाटणार नाही. गावठाणातले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात लोकांनी जीव मुठीत धरून उभारलेत, मे महिन्यात तिथे अजून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात. तिची आई रोज तिथे जाते आणि ही घरात दार लावून बसते, हा चॅप्टर तुमच्याकडे आहे का? नसेल तर आधी तो लिहा. आणि तो भाऊ. तो गेला त्या दिवशी त्यांचं शेवटचं बोलणं काय झालं होतं, ती त्याच्याशी कशी वागली होती, हे तुम्ही पत्रात एका शब्दाने सांगितलेलं नाही, मला शंका आहे की ते कादंबरीत पण नसेल. विश्वास गेला असं लिहिलंय, पण तिच्या मनावर कसलं ओझं आहे ते कळत नाही, आणि ओझंच नसेल तर पापनिवेदनाला जाऊन ती सांगणार काय.

जत्रा ठेवा. ८ सप्टेंबरच्या सणानंतर आठवडाभर चालणारी ती गर्दी, नवसासाठी मेणाचे हात, पाय, घरं विकणारे स्टॉल, त्यात सगळ्या धर्मांचे लोक, हे सगळं सोन्यासारखं मटेरियल आहे. फक्त विश्वास परत मिळाला हे वाक्य काढून टाका. तिला मेणाचं काहीतरी विकत घेऊ द्या, काय घ्यावं हे तिला सुचत नसू दे, कारण मेलेल्या भावासाठी मागायचं तरी काय. तो प्रसंग शांतपणे दोन-तीन पानं लिहा, आणि तिथून पुढे ती काय करते ते तुम्हाला आत्ता माहीत नसेल तर जास्तच चांगलं. नवा खर्डा झाला की पाठवा, मी वाचेन.