पाला उकळून काढा केला की झालं, मग प्रयोगशाळेत एवढा खटाटोप कशाला?

तुमचं म्हणणं असं की, रानातल्या वनस्पतीतलं औषध काढ्यात उतरतंच, मग ते वेगळं काढण्यात लोक वर्षं का घालवतात. मी हेच काम करते, म्हणून सांगते: दरवेळी उतरत नाही.

मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचंच बघा. चिंगहाव ही वनस्पती तापावर चालते हे चिनी वैद्यकाला पूर्वापार माहीत होतं. पण चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला तिच्या अर्काचा मलेरिया झालेल्या उंदरांवर कधी गुण दिसायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात त्यांना कृती सापडली: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळायचं नावच नाही! उष्णतेनं गुण जात असावा असं वाटून त्यांनी अर्क काढायला ईथर हे द्रव वापरलं, ते 35 अंशांच्या आसपासच उकळतं. 1971 मध्ये तो अर्क उंदरांवर लागू पडला आणि 1972 मध्ये शुद्ध द्रव्य, म्हणजेच आर्टेमिसिनिन, हाती आलं. ते पाण्यात फारसं विरघळतही नाही, म्हणजे काढ्याची बाजू तशीही लंगडीच. 2015 च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा याच कामाला मिळाला.

दुसरी भानगड टॅनिनची, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याची. वनस्पतीची पावडर मिथेनॉल या द्रावकात भिजवून, गाळून, द्रावक उडवून लावला की तळाशी काळपट हिरवा, गुळासारखा चिकट गोळा उरतो. त्यात शेकड्यांनी संयुगं असतात. तो सिलिकाच्या कॉलममधून, म्हणजे संयुगं वेगळी करणाऱ्या सिलिका भरलेल्या नळीतून, उतरवायचा, एकेक भाग तपासायचा, ज्यात गुण दिसेल तोच पुन्हा फोडायचा. एकदा मी असा एक ‘जोरदार’ भाग तीन महिने कुरवाळत बसले होते. शेवटी निघालं काय, तर टॅनिन! ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे चाचणीत सगळ्यावरच रामबाण दिसतं. आता आधी टॅनिन काढून टाकते, मगच हुरळते.

आणि खरं द्रव्य सापडलं तरी ते किती? कर्करोगावरचं टॅक्सॉल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत साधारण 0.01 टक्का, म्हणजे एका ग्रॅमला दहा किलो साल. साल सोलली की झाड मरतं. म्हणून पुढे युरोपियन यूच्या पानांतून त्या रेणूचा सांगाडा काढून उरलेला तुकडा प्रयोगशाळेत जोडू लागले. पानं पुन्हा फुटतात.