विचारा, सांगतो : कीस उचलणारं चुंबक

प्रश्न : जालन्यात आमचं अवजारं दुरुस्तीचं वेल्डिंगचं दुकान आहे. वखराच्या पासा, तिफणी, ट्रॉल्या अशी कामं असतात. अंगणात रॉडचे थोटके, तारेचे तुकडे, ग्राइंडरचा चुरा पडतो आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या पंक्चर होतात. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फिरवलं, पण चुरा असा केसाळ चिकटला की घासूनही निघेना.

उत्तर : उघडं चुंबक जमिनीवर फिरवायचंच नाही. चुंबक आणि कीस (लोखंडाचा चुरा-तुकडे) यांच्यामध्ये चुंबकाला न चिकटणारा पातळ पत्रा हवा. चुंबक वर उचललं की कीस आपोआप गळून पडतो.

अशा चाकांवर फिरणाऱ्या दोन फुटी चुंबकी झाडणीसाठी साधारण 100 मिमी व्यासाची स्पीकरची पाच चुंबकं लागतील. स्पीकरचं चुंबक दोन लोखंडी चकत्यांमध्ये दाबलेलं असतं आणि त्याची बरीचशी ताकद आतल्या फटीतच अडकून पडते. म्हणून चकत्यांमधलं काळं कडं, म्हणजे खरं चुंबक, मोकळं करायचं. सांध्यावर पातळ छिन्नी ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके द्या. एकाच जागी जोर लावलात तर ते कपबशीसारखं फुटतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

600 × 100 × 5 मिमीची एमएस (साध्या लोखंडाची) पट्टी घ्या. चाकं आणि दांडा वेगळ्या सांगाड्यावर बसतात. पट्टी त्या सांगाड्यात वर-खाली सरकली पाहिजे, म्हणून तिला वरून दोन मुठी लावा. वेल्डिंग सगळं आधी उरकून घ्या. चुंबकं बसवल्यावर टाका मारलात तर उष्णतेनं त्यांची ताकद उतरते. मग चुंबकं पट्टीवर एकाआड एक उलटी ठेवा : एकाचा उत्तर ध्रुव खाली, शेजारच्याचा दक्षिण. सगळी एकाच तोंडाची ठेवली तर ती एकमेकांना ढकलतात आणि चिकटवताना उड्या मारतात. मागची लोखंडी पट्टी विनाकारण नाही. वरच्या बाजूची ताकद वाया न जाता तिच्यामुळे खालच्या तोंडाकडे वळते. जोडाला इपॉक्सी वापरा आणि एक दिवस हात लावू नका.

खालचा तसराळ्यासारखा डबा 1 मिमी ॲल्युमिनियमचा करा. जीआय पत्रा चालणार नाही, तो वरून जस्ताचा असला तरी आतून लोखंडच आहे. स्टीलच्या नावानं मिळणाराही काही पत्रा चुंबकाला चिकटतो, दुकानातच चुंबक लावून बघा. डबा चुंबकांपेक्षा दोन्ही बाजूंनी इंचभर रुंद ठेवा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं : भिंती चुंबकाला चिकटून असल्या की पट्टी उचलताना कीसही भिंतीवरून वर चढतो आणि खाली पडायचं नाव घेत नाही. डब्याच्या भिंती आणि सांगाडा एवढे उंच करा की पट्टी चार-पाच इंच वर येईल.

डब्याचा तळ जमिनीपासून 12 ते 15 मिमीवर ठेवा. जड नट उचलले जात नसतील तर 8 मिमीपर्यंत आणा. अंगणात खडी-मुरूम असेल तर मात्र डबा घासणार, तेव्हा तो वरच ठेवून सावकाश दोन फेऱ्या माराव्यात. वेल्डिंगची खपली चुंबकाला बहुतेक येत नाही, तिला झाडूच हवा.

प्रश्न : लेथवर पितळ आणि लोखंड दोन्ही चालतं. पितळेच्या किसात लोखंड निघालं की भंगारवाला भाव पाडतो. (लातूर)

उत्तर : कीस आधी उन्हात पसरून तेल निथळू द्या, नाहीतर तेलामुळे पितळ लोखंडाला धरून वर येतं. बोटभर जाडीचा थर करा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेलं चुंबक दोनदा फिरवा आणि मधे एकदा थर उलथा. 304 (स्टेनलेस) स्टीलचा कीसही कापताना पडलेल्या ताणामुळे थोडाफार चिकटतो, तेव्हा तो वेगळा काढायला चुंबकावर विसंबू नका.

प्रश्न : चुंबकाशेजारी ठेवलेले ड्रिल आता स्वतःच कीस धरतात. (सेलू)

उत्तर : जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे डीगॉसिंग कॉइल, म्हणजे चुंबकत्व घालवणारं तारेचं वेटोळं असतं. ही कॉइल चालू ठेवून ड्रिलवरून फिरवा आणि हळूहळू तीन फूट दूर नेऊन मगच बंद करा. जवळ असतानाच बंद केली तर ड्रिल पुन्हा चुंबकित राहू शकतं. डिजिटल व्हर्नियरला (मोजमापाच्या साधनाला) मात्र ती लावू नका.

प्रश्न : कडबाकुट्टीतून तारेचे तुकडे जनावराच्या पोटात जातात. यंत्राला चुंबक लावता येईल का? (कळंब)

उत्तर : येईल, आणि लावावंच. तार जाळीपोटात अडकते, ते भोसकून पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. पण कुट्टी पडते त्या लोखंडी घसरगुंडीला खालून चुंबक लावून उपयोग नाही, लोखंड त्याची ओढ स्वतःच पिऊन टाकतं. तिथे वीतभर चौकोन कापून ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा आणि त्याखाली वरच्यासारखीच चुंबकं, लोखंडी पट्टी पाठीमागे ठेवून. कुट्टीचा थर दोन-तीन सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे पेंढ्या जरा दमानं घाला. रोज यंत्र थांबवून, चुंबक खाली ओढून पत्रा पुसा, कारण साचलेला तुकडा पुढच्या लोंढ्यात वाहून जातो. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार यात सापडणार नाही. ती गव्हाणीत हातानंच वेचावी लागेल.