नवरा-बायको दोघांनीच बोटीने नॉरफोकहून मायामीला जाता येतं का?

जाता येतं. तुम्ही दोघं साठीच्या घरात आहात आणि भरसमुद्राची धास्ती वाटते. म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवेने, रोज संध्याकाळी मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या छोट्या बंदरात, मुक्काम करत जायचा तुमचा विचार आहे, आणि यात सगळ्यात अवघड काय, असं तुम्ही विचारलंय. आम्ही दोघं दोनदा ही वाट करून आलोय. माझं उत्तर एकच: दिवसाची शेवटची दहा मिनिटं, बोट धक्क्याला लावतानाची. बाकी सगळं हळूहळू अंगवळणी पडतं.

आधी वाटेबद्दल थोडं. व्हर्जिनियातलं नॉरफोक म्हणजे शून्य मैल आणि मायामी साधारण 1,090. हे जमिनीवरचे मैल आहेत, नॉटिकल नव्हेत, तेव्हा जीपीएसचं सेटिंग निघण्याआधीच बदलून घ्या. आमची बोट 34 फुटी, एका डिझेल इंजिनाची, ताशी 8 मैलांनी जाणारी. दिवसाला 50 मैल झाले की आम्ही थांबायचो. नुसता भागाकार केला तर 22 दिवस होतात, पण पहिल्या खेपेला आम्हाला सात आठवडे लागले, आणि तेही कमीच वाटले. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे एकमेकांना जोडून ही वाट झालीये, त्यामुळे केप हॅटरस या नॉर्थ कॅरोलिनातल्या भूशिराजवळचा खवळलेला समुद्र बाहेरच राहतो.

सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. आम्ही दोन्ही वेळा डिस्मल स्वॅम्प कालव्याने गेलो. 22 मैलांचा हा कालवा 1805 साली खुला झाला. झाडांच्या रसामुळे पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि दोन्ही काठांची झाडं इतकी जवळ येतात की इंजिनाचा आवाजही नकोसा होतो. तो खोदला गुलाम केलेल्या माणसांनी, चिखलात उभं राहून, हातांनी. तिथून जाताना आम्ही फारसं बोललो नाही. कालवा संपला की एलिझाबेथ सिटी लागतं. येणाऱ्या बोटींना गुलाबाचं फूल द्यायची प्रथा तिथल्या लोकांनी 1983 मध्ये सुरू केली. त्यापुढे आल्बेमार्ल साउंड, म्हणजे एक मोठी रुंद खाडी. तो उथळ आहे, वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट नुसती आपटत राहते. तिथे आम्ही दोन दिवस धक्क्यालाच बसून काढले. तुम्हीही बसा. हवा बरी नसेल तर निघायचं नाही, एवढं पथ्य पाळलंत तर तुमची निम्मी भीती आपोआप जाईल.

आता ती दहा मिनिटं. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक 7 ते 9 फूट असतो, म्हणजे नदीकाठच्या मरिनात पाणी पळत असतं. आम्ही अशाच एका ठिकाणी ऐन ओहोटीत शिरलो. नवरा सुकाणूवर, मी पुढे नाळेवर दोर घेऊन. प्रवाह मागून ढकलत होता. धक्का तीन फुटांवर आला, तो ओरडला, "टाक!", मी दोर टाकला आणि क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, एक वेढा घातलाही. पण बोटीचं मागचं अंग प्रवाहाने फिरवलं, दोर करकरत ताणला गेला आणि माझी दोन बोटं क्लीट आणि दोराच्या मध्ये आली. धक्क्यावरच्या एका माणसाने वेळेवर दोर सैल केला म्हणून बोटं शाबूत राहिली. नखं काळी पडली. त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो, आणि भांडणाच्या सुरात नाही, कारण दोघंही घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी बदलल्या. पहिली, प्रवाहाला तोंड देऊनच धक्क्याला जायचं. समोरून येणारं पाणी बोटीला आवरून धरतं आणि अगदी सावकाश जातानाही सुकाणू ऐकतं. दुसरी, पहिला दोर नाळेचा नाही, बोटीच्या मध्यावरचा. तो धक्क्यावर मागच्या बाजूच्या क्लीटला अडकवायचा, सुकाणू धक्क्यापासून उलट्या दिशेला वळवायचं आणि इंजिन अगदी हलकं पुढच्या गिअरमध्ये ठेवायचं. बोट धक्क्याला चिकटून उभी राहते आणि बाकीचे दोर मग निवांत बांधता येतात. तिसरी, आम्ही जागा बदलल्या. दोर ओढायला ताकद लागते आणि सुकाणूला धीर. आमच्या घरात धीर माझ्याकडे जास्त आहे. आता बोट मी लावते, दोर तो सांभाळतो, आणि दोघांच्या कानांवर हेडसेट असतात, म्हणजे कुणाला ओरडावं लागत नाही. बऱ्याच बोटींवर नवराच सुकाणू सोडत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, एकदा जागा बदलून बघा. शिवाय एकाला काही झालं तर दुसऱ्याला बोट आणता यायला हवी, आणि व्हीएचएफ या बोटीवरच्या रेडिओच्या 16 नंबर चॅनलवर मदत मागता यायला हवी. धक्क्यावर उडी मात्र कुणीच मारायची नाही. पाय टाकता येईल इतकी बोट जवळ आली नसेल तर पुन्हा वळसा घालून या.

मरिनाला सकाळीच फोन करून चार गोष्टी विचारा: जागा कुठे, बोटीची कुठली बाजू धक्क्याला लागणार, पाणी किती खोल, आणि प्रवाह किती वाजता थांबतो. शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. भाडं बोटीच्या लांबीवर, फुटामागे असतं. आम्ही बहुतेक ठिकाणी रात्रीचे फुटामागे 2 ते 3 डॉलर दिले, वीज वेगळी. आठवडाभर राहिलात तर दर बराच उतरतो. विजेची केबल जोडताना धक्क्यावरचा ब्रेकर आधी बंद करा. आणि उन्हाने कितीही जीव कासावीस झाला तरी मरिनाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. एखाद्या बोटीतून वीज झिरपत असेल तर पाण्यातल्या माणसाचे स्नायू आखडतात, हात-पाय हलवता येत नाहीत. गोड्या पाण्यात हा धोका सगळ्यात जास्त, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दक्षिणेला जाताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या. नकाशावर जांभळट-गुलाबी रेघ असते, तिच्यावर डोळे मिटून जाऊ नका, गाळ सरकत राहतो. उथळ जागा शक्यतो चढत्या भरतीत ओलांडा, म्हणजे रुतलात तरी पाणीच उचलून काढतं. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात व्हीएचएफच्या 13 नंबर चॅनलवर हाक मारायची, साउथ कॅरोलिनापासून खाली 9 वर. न उघडणारे पूल साधारण 65 फूट उंच असतात, मायामीतला जूलिया टटल मात्र 56 फुटांचाच. तुमची शिडाची बोट असेल तर हा आकडा आजच लिहून ठेवा.

चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. कुठल्या तारखेआधी किती दक्षिणेला जायचं नाही, हे अनेक विमा पॉलिसींत लिहिलेलं असतं. ते वाचूनच निघायची तारीख ठरवा. तुमची बोट पाण्याखाली किती फूट असते आणि इंजिनं एक की दोन, ते कमेंटमध्ये कळवा. त्यावरून कुठले मुक्काम तुम्हाला सोपे जातील ते सांगते.