फोर्टात पायी फिरायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. कोल्हापूरहून आईबाबा येणारेत, बाबा रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. गेटवे, सीएसएमटी वगैरे मागच्या वेळी गाडीतून दाखवून झालंय, आता बाबा म्हणतात एक दिवस पायी फिरव, इमारती आणि शिल्पं नीट बघू दे. आईचे गुडघे दुखतात, नऊ वर्षांचा मुलगा पण बरोबर असेल. काय काय कव्हर करू?

उत्तर : ताई, कव्हर करायचं डोक्यातून काढूनच टाका. ओव्हल मैदान ते हॉर्निमन सर्कल एवढाच पट्टा घ्या, बाबांना तोच पुरून उरेल. रविवारी जा, ट्रॅफिक कमी असतं. चर्चगेटला उतरलात की समोरच इरॉसची इमारत, १९३८ची, ती बघून ओव्हलवर या आणि मैदानातून जी पायवाट जाते तिच्या मध्यावर जाऊन उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, म्हणजे १८७०च्या दशकातलं दगडी काम, टोकदार कमानी, आणि पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेकोच्या बिल्डिंगा, सिमेंट काँक्रीटच्या, गोल वळणाच्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. पूर्वी इथे समुद्र खूप जवळ होता हो, कोर्ट आणि युनिव्हर्सिटी थेट समुद्राकडे तोंड करून बांधलेली, मग बॅकबेला, म्हणजे पश्चिमेकडच्या खाडीत, भराव घातला आणि त्या नव्या जमिनीवर ही समोरची रांग उभी राहिली. दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. सकाळी ऊन डेकोच्या बाजूवर पडतं, तेव्हा बाबांना स्केच करायचं असेल तर आधी ती रांग करा, बिल्डिंगांची नावं कोणत्या अक्षरात कोरलीत तेही बघायला सांगा, ड्रॉइंगच्या माणसाला ते आवडणारच. गॉथिक बाजू, म्हणजे कोर्ट-युनिव्हर्सिटीची टोकदार कमानींची, उजळते दुपारनंतर.

राजाबाई टॉवरचे पैसे दिले कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, नाव त्यांच्या आईचं. युनिव्हर्सिटीचं डिझाइन केलं गिल्बर्ट स्कॉटने, लंडनमध्ये बसून, तो मुंबईला कधी आलाच नाही.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा. हुतात्मा चौकाजवळ महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आहे, तिच्यावरची शिल्पं ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराची. दाराच्या दोन्ही बाजूंना उंचच उंच आकृत्या, आणि पॅनलवर नांगर धरलेला शेतकरी, कुंभार, सूत काढणाऱ्या बाया. अंग सगळं सरळ रेषांत बसवलंय पण हात बघा, काम करणाऱ्या माणसाचे हात आहेत ते. रोज हजारो लोक त्याच्या खालून ऑफिसला जातात आणि कुणी मान वर करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे आपलं आहे, फुकट आहे आणि रस्त्यावर आहे. समोरच्या फुटपाथवरून बघा, अगदी जवळ गेलं की दिसत नाही. तिथे पंधरा मिनिटं तरी द्या.

चौकात फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल घेतलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, मुलाला ते का उभारलं हे आजोबांनी सांगावं. तिथून वीर नरिमन रोडने सरळ हॉर्निमन सर्कल. मधल्या बागेत सावली आहे, आई तिथे आरामात बसतील, आणि भोवतीच्या इमारतींच्या कमानींवर कोरलेले चेहरे मुलाला मोजायला लावा. समोर टाउन हॉल, १८३३चा, पायऱ्या तीस आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

परतीची गाडी सीएसएमटीवरूनच पकडाल ना, मग पाच मिनिटं बाहेर थांबा. वरचं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय, माकडं, मोर, पानंफुलं सगळं. गाडीतून हे काहीच दिसलेलं नसणार.

प्रश्न : काळा घोडा परिसरात गेलो तर घोड्यावर स्वारच नाही! मूळ पुतळा कुठे गेला?

उत्तर : मूळ पुतळ्यावर स्वार होता, प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १९६५ साली तो तिथून हलवला, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं, आणि स्वाराशिवायचा नवा घोडा २०१७ साली आला. जुना बघायचा असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जा, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहे, आणि तिथेच घारापुरीचा दगडी हत्ती पण आहे, ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव पडलं, तो चुकवू नका. बुधवारी बाग आणि म्युझियम दोन्ही बंद असतात, तो वार सोडून जा.