आंतरराष्ट्रीय मैत्री वाढवण्यासाठी म्हापशात सांस्कृतिक माहिती केंद्र काढायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की दहा-बारा जणांचा गट आहे, म्हापशात एक खोली मिळते आहे आणि सहा देशांची माहिती एका छपराखाली द्यायचा विचार आहे. सहा देश एकदम घेऊ नका. एकच घ्या, आणि तोही आपल्या लोकांचे ज्याच्याशी खरोखर काही काम पडते असा. सहा झेंडे लावून उद्घाटन झोकात होईल, फोटोही छापून येतील. पुढच्या महिन्यात त्या खोलीत पाऊल टाकायला कुणाकडे कारण नसेल.

मी पणजीत एका वाचनालयाच्या कामात बरीच वर्षे आहे. परदेशी संस्कृतीची माहिती द्या, असे म्हणत आलेला माणूस मला फारसा भेटलेला नाही. लोक येतात ते काहीतरी अडले म्हणून. पणजीजवळच्या दिवाडी बेटावरचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीतून आजोबांच्या काळचे पोर्तुगीज खरेदीखत घेऊन आले होते. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, घडीवरची एक ओळ पार पुसलेली. शेजारच्या टेबलावर संशोधनासाठी आलेली एक पोर्तुगीज मुलगी होती. तिने निवांत बसून त्यांना चतुःसीमा वाचून दाखवल्या. पूर्वेला कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची, जमीन निघाली, तसा त्यांचा चेहरा पडला. तरी ऑगस्टात त्यांनी तिला बोंदेरामला, दिवाडीच्या निशाणांच्या उत्सवाला, घरी बोलावले, आणि परत आल्यावर ती आम्हालाच दिवाडीच्या दोन वाड्यांचे हद्दीच्या निशाणांवरून झालेले भांडण समजावून सांगायला लागली!

म्हणून पोर्तुगाल निवडलात तर काम आयते आहे. जुनी खरेदीखते, कोमुनिदादचे कागद, 1961 पूर्वीचे दाखले, आणि 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेवर आजही उभा असलेला आपला कौटुंबिक कायदा. हे वाचायला येणारे हात कमी होत चाललेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी जुने कागद वाचायला शिकवलेत तरी वकिलांचे कारकून रांग लावतील. पोर्तुगीज पासपोर्टच्या सल्ल्यात मात्र पडू नका. त्या धंद्यात दलाल आधीच पुष्कळ आहेत आणि तुमचे नाव त्यांच्या पंगतीला जाईल.

पणजीत जे आहे ते म्हापशात पुन्हा उभारायची गरज नाही. तिथल्या फोंताइन्यश वाड्यात फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे, तिथे गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांची चित्रे पाहायला मिळतात. फ्रेंचसाठी आलियांस फ्रान्सेझ आहे. पाट्टोवरचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तर 1832 सालचे. यांना भेटा, व्याख्याते आणि पुस्तके मागा.

दुसरे म्हणजे, येणाऱ्या परदेशी माणसाला तुम्ही काय देणार? बहुतेक केंद्रे त्याच्याच देशाची पोस्टरे भिंतीवर लावून त्याचे स्वागत करतात, हे मला कधी कळलेले नाही. त्याला सासष्टीतल्या राशोल गावची गोष्ट सांगा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस 1579 मध्ये गोव्यात उतरला, इथल्या भाषा शिकला आणि ओवीत मराठी ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये राशोलला छापले गेले. उलट दिशेने सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घ्या. बौद्ध धर्म शिकायला घर सोडून श्रीलंका आणि ब्रह्मदेश गाठणारा हा गोंयकार पुढे हार्वर्डला आणि लेनिनग्राडला जाऊन आला. शाळेतल्या मुलांना यातले काहीच ठाऊक नसते. सत्तरी तालुक्यातले रणमाले हे लोकनाट्य, शिगम्यातला घोडेमोडणी हा नाच हेही दाखवा, पण ज्या गावात होते त्या गावात नेऊन. हॉटेलच्या हिरवळीवर आणून नको.

आता पैसा, कारण खरी पाचर इथे बसते. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, ते तुमच्याकडे आहेत. परदेशी देणगी मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा केंद्रीय गृहखात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्थेने साधारणपणे तीन वर्षे काम आणि त्यात 15 लाखांचा खर्च केलेला असावा लागतो. शिवाय पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गोव्यात यातली खोच वेगळी आहे. इंग्लंडात स्विंडनला राहणारा तुमचा चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर असेल तर त्याने प्रेमाने पाठवलेले पैसेही परदेशी देणगीच ठरतात. भारतीय पासपोर्टवर दुबईत असलेल्या भावाने स्वतःच्या कमाईतून दिले तर ती अडचण नाही. पावती फाडण्याआधी पासपोर्ट विचारा. वाईट दिसते, तरी विचारा. तसेच पर्यटक व्हिसावर आलेल्या कलाकाराला मानधन देऊन कार्यक्रम लावू नका. आणि त्या देशाचे राजचिन्ह फलकावर रंगवण्याआधी वकिलातीला पत्र लिहून लेखी उत्तर घ्या.

पहिली तीन वर्षे स्थानिक वर्गणी आणि वर्गाच्या फीवरच काढायची तयारी ठेवा. जागा शक्यतो पहिल्या मजल्यावर नको. जुने कागद घेऊन येणारी माणसे म्हातारी असतात. आणि रविवारी बंद ठेवलेत तरी चालेल, पण शुक्रवारी नको. बाजारासाठी बार्देशातली आणि पेडण्याकडची माणसे त्या दिवशी म्हापशात येतातच. सकाळी नऊलाच उघडा. दुपारी ती परतीची बस धरतात.