एमएससाठी शिफारसपत्रं कुणाकडून घ्यावीत? विभागप्रमुख म्हणतात, ‘ड्राफ्ट तूच करून आण’

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मेकॅनिकलचं बीई होऊन दोन वर्षं झाली, पुण्यात नोकरी चालू आहे, अमेरिकेत एमएससाठी अर्ज करायचाय आणि तीन शिफारसपत्रं हवीत. विभागप्रमुख म्हणाले, ‘ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.’ शिवाय वडिलांच्या ओळखीनं एका मोठ्या कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटचं पत्र मिळू शकतं. तर कुणाचं घ्यावं?

मी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते आणि दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे अशी पत्रं लिहिते, तेव्हा त्या बाजूनं सांगते. ज्यानं तुमचं काम जवळून पाहिलंय त्याचंच पत्र घ्या, मग त्याचं पद कितीही लहान असो. व्हाइस प्रेसिडेंटचं पत्र नकोच.

का, ते फॉर्म पाहिला की कळतं. तुम्ही अर्जात माझं नाव आणि ईमेल भरलंत की विद्यापीठाकडून मला लिंक येते. सुरुवातीलाच विचारतात: अर्जदाराला किती काळ ओळखता, कोणत्या नात्यानं? मग बऱ्याच ठिकाणी एक तक्ता असतो. डावीकडे बौद्धिक क्षमता, लेखन, संशोधनाची तयारी, इतरांबरोबर काम करण्याची पद्धत. वर रकाने: पहिल्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत, आणि अगदी कडेला ‘सांगता येत नाही’. शेवटी पत्राची पीडीएफ जोडायची. ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलेलंच नाही, तो प्रामाणिक असेल तर त्या कडेच्या रकान्यातच टिक करणार. पुढे पत्रात ‘मेहनती, हुशार, सुस्वभावी’ लिहिलं तरी त्यातून निवड समितीला काय कळणार?

कामाचं पत्र कसं असतं त्याचं उदाहरण देते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये माइल्ड स्टीलच्या सळईची टेन्साइल टेस्ट, म्हणजे ती ओढून ताणण्याची चाचणी, होती. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस (ताणलं जायला ते किती विरोध करतं याचं माप) साधारण २०० गिगापास्कल, हे सगळ्यांना पाठ. एका विद्यार्थिनीचं उत्तर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकंसुद्धा येईना. पुस्तकातला आकडा जर्नलमध्ये उतरवून ती मोकळी होऊ शकली असती, पण तिनं स्वतःला आलेलाच आकडा लिहिला आणि विचारायला आली. आम्ही लांबी मोजत होतो ती मशीनच्या क्रॉसहेडवरून, म्हणजे सळई ओढणाऱ्या हलत्या भागावरून, त्यामुळे पकडीतली घसरण आणि मशीनचा स्वतःचा ताणही त्यात मिसळत होता. ते तिनं शोधून काढलं, एक्स्टेन्सोमीटर (थेट सळईवर बसवून तिचीच वाढ मोजणारं उपकरण) लावून टेस्ट पुन्हा केली आणि दोन्ही आलेख शेजारी शेजारी चिकटवले. तिच्या पत्रात मी एवढंच सविस्तर लिहिलं. तिला त्या विषयात किती मार्क होते ते ट्रान्स्क्रिप्टवर दिसतंच, पत्रात कशाला?

असं काही तुमच्याबद्दल कोण सांगू शकेल, हे आधी आठवा. बहुतेकांच्या बाबतीत ते बीई प्रोजेक्टचे गाइड असतात. ते असिस्टंट प्रोफेसर आहेत, पीएचडी झालेली नाही, म्हणून कचरू नका. त्यांनी कॉलेज बदललं असेल तरी हरकत नाही, फक्त अर्जात त्यांचा हल्लीच्या कॉलेजचा ईमेल द्या. जीमेलचा पत्ता दिला तर काही ठिकाणी शंका घेतात. दुसरं पत्र लॅब किंवा सेमिनार घेणाऱ्या मॅडमचं किंवा सरांचं. तिसरं तुमच्या थेट वरच्या मॅनेजरचं चालेल. नोकरी सोडणार हे इतक्यात ऑफिसात कळू द्यायचं नसेल तर तिसरंही कॉलेजातूनच घ्या.

आता ड्राफ्टचं. विभागप्रमुखांची अडचण मला कळते. पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, त्यात पत्र मागायला आलेली पाच-सहा मुलं. तरीही ड्राफ्ट तुम्ही करू नका. पत्र शिफारस करणाऱ्यानंच लिहिलेलं असावं अशी तिकडच्या विद्यापीठांची अपेक्षा असते; अर्जदारानं स्वतःच लिहिलेलं पत्र ते अप्रामाणिकपणात धरतात. आणि वर्गातल्या साठ जणांत तुम्ही कुठे होतात हे तुम्हाला माहीतच नसतं, ते शिकवणाऱ्यालाच दिसतं.

सरांना सरळ म्हणा, ‘सर, ड्राफ्टऐवजी मी मुद्दे आणून देतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.’ एक पान पुरे. त्यांच्याकडे कोणता विषय होता, कोणत्या वर्षी. प्रोजेक्टमध्ये ग्रुपनं काय केलं आणि तुम्ही स्वतः काय केलंत. कुठे अडलात, कसे सुटलात. विशेषणं एकही नकोत. सोबत रेझ्युमे, एसओपी (का आणि काय शिकायचंय ते सांगणारं तुमचं निवेदन), आणि विद्यापीठांची यादी तारखांसकट. प्रोजेक्ट रिपोर्ट आणि जुनं जर्नल हातात घेऊनच भेटायला जा. दोन वर्षांत आमच्यासमोरून कितीतरी चेहरे जातात, पण स्वतःच्या हातानं शेरे मारलेलं पान पाहिलं की मुलगाही आठवतो. तरीही सर ड्राफ्टवरच अडले, तर त्यांचे आभार माना आणि दुसऱ्या कुणाला विचारा.

विचारतानाही ‘एलओआर (शिफारसपत्र) द्याल का?’ असं विचारू नका. त्याला कुणीही हो म्हणतं. ‘माझ्याबद्दल चांगलं, सविस्तर पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?’ असं विचारा. समोरच्यानं आढेवेढे घेतले तर ते तुमच्याच फायद्याचं आहे.

अर्जात एक प्रश्न येईल: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेच्या १९७४ च्या फर्पा कायद्यानं, प्रवेश घेऊन तिथे शिकायला लागल्यावर विद्यार्थ्याला ही पत्रं पाहता येतात. तो हक्क सोडा. मगच वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणाऱ्यानं मोकळेपणानं लिहिलंय. आणि एकदा सोडल्यावर सरांकडे प्रत मागू नका.

फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या, बऱ्याच मुदती आदल्या वर्षीच्या १ ते १५ डिसेंबरच्या असतात आणि नेमक्या त्याच सुमाराला आमच्याकडे सेमिस्टरच्या परीक्षा. म्हणून सप्टेंबरातच विचारा. लिंक पाठवाल त्या दिवशी फोन करून ‘मेल स्पॅममध्ये गेली नाही ना, तेवढं बघाल का?’ असं विचारा. मुदतीच्या आठवडाभर आधी पोर्टलवर कुणाचं पत्र पोचलं ते बघा आणि राहिलं असेल त्यांना एक आठवण करा. आम्हाला त्याचा राग येत नाही.