तालुक्यातील शाळांच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न कसे काढावेत?

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तालुकास्तरावर प्रश्नमंजूषा घ्यायची आहे, तिचे प्रश्न चांगले कसे काढावेत, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक म्हणून मी बरीच वर्षे असे प्रश्न काढत आलो आहे आणि त्यांपैकी सुरुवातीचे बहुतेक वाईट होते.

सर्वांत महागात पडलेला प्रश्न होता, ‘भारताचे पहिले कृषिमंत्री कोण?’ आपल्याकडे ‘पंजाबराव देशमुख’ हे त्याचे उत्तर पोरासोरांनाही पाठ असते, म्हणून मी तो निर्धास्तपणे विचारला. एका मुलीने ‘डॉ. राजेंद्र प्रसाद’ असे सांगितले आणि मी ते चूक ठरवले. वास्तविक १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न व शेती हे खाते राजेंद्र प्रसादांकडेच होते. पंजाबराव देशमुखांनी कृषी खाते सांभाळले ते १९५२ ते १९६२ या काळात. तिच्या शिक्षकांनी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून दाखवले, तोवर तिचा संघ बाद झालेला होता. आता मी ‘अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषी खाते सांभाळणारे नेते कोण?’ असे विचारतो. यात वादाला जागा राहत नाही. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ हे शब्द प्रश्नात आले की दुसरे एखादे उत्तर कोणत्या अर्थाने बरोबर ठरू शकेल, हे आधी शोधावे. आकड्यांचेही तसेच आहे. लोणारचा व्यास विचारला, तर पाण्याचा पसरट भाग सुमारे १.२ किलोमीटर आणि विवराचा काठ सुमारे १.८ किलोमीटर, यांपैकी आपल्याला काय हवे आहे, ते मुलाला कसे कळणार?

बझरच्या फेरीत आणखी एक अडचण येते, आणि ती आपल्या भाषेच्या रचनेतूनच येते. मराठीत ‘कोण’, ‘कोठे’, ‘कोणती’ हे शब्द वाक्याच्या शेवटाकडे येतात, त्यामुळे माहिती ओळखून मध्येच बझर दाबणाऱ्या हुशार मुलाला नेमके काय विचारले जाणार होते, हेच ठाऊक नसते. म्हणून काय सांगायचे आहे ते पहिल्याच दोन शब्दांत द्यावे आणि त्यानंतरच्या खुणा अवघडाकडून सोप्याकडे न्याव्यात. उदाहरणार्थ: ‘नदी ओळखा. तिला डोंगरात स्वतःचा उगम नाही, तरी तिच्यात सातपुड्याचे पाणी वाहते. तिच्या एका तीरावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या तीरावर तेलंगणा आहे. सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून तिला हे नाव मिळते.’ उत्तर प्राणहिता. नकाशा नीट पाहिलेली मुलगी दुसऱ्या वाक्यालाच बझर दाबते. ज्याने केवळ संगम पाठ केला आहे, त्याला शेवटपर्यंत थांबावे लागते. दोघांनाही उत्तर येते, पण ते किती लवकर येते यावरून कोणाला किती समजले आहे, हे दिसते. ‘वर्धा-वैनगंगेच्या संयुक्त प्रवाहाचे नाव काय?’ एवढेच विचारले असते, तर फक्त बोटांचा वेग मोजला गेला असता.

गाइडमधून जसेच्या तसे उचललेले प्रश्न मी टाळतो, कारण ते गाइड तालुक्याच्या गावातील मुलांच्या दप्तरात असते आणि एसटीने तासभर प्रवास करून येणाऱ्यांच्या दप्तरात बहुधा नसते. त्याऐवजी शेतात दिसणारी गोष्ट पुस्तकाशी जोडावी. उन्हाळ्यात कपाशीच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे सर्वांनीच पाहिलेले असते. काळ्या जमिनीतील चिकणमाती ओलावा धरून फुगते आणि वाळली की आकसते, हे कारण मात्र विचार करणाऱ्यालाच सांगता येते. अशा प्रश्नाला लेखी फेरी बरी. बझरवर ‘का’ विचारू नये, कारण अर्धवट उत्तराला किती गुण द्यायचे यावर भांडणे होतात. (झालेली आहेत.)

संच पूर्ण झाल्यावर तो स्पर्धेत नसलेल्या सातवीच्या चार-पाच मुलांपुढे मोठ्याने वाचावा. जिथे ती ‘सर, परत वाचा’ म्हणतात, ते वाक्य मी तोडतो. आणि दर फेरीला दोन राखीव प्रश्न ठेवतो, कारण एखादा तरी रद्द करावाच लागतो.